रस्त्याचा खर्च आणि लगतच्या मालमत्ता : न्याय्य वाटणीचा प्रश्न

शहराच्या हद्दीजवळील शेतजमिनीतून अठरा मीटर रुंदीचा रस्ता आखला गेल्याची वार्ता पसरताच त्या परिसरातील जमिनीचे भाव बदलू लागतात. अद्याप खडीही पडलेली नसते. ही भाववाढ जमीनमालकाच्या श्रमातून वा गुंतवणुकीतून आलेली नसते. ती सार्वजनिक निर्णयातून आणि सार्वजनिक खर्चातून आलेली असते. उलटपक्षी, त्याच रस्त्यासाठी ज्याची अर्धी जमीन जाते त्याच्या वाट्याला तोटा येतो आणि शहराच्या दुसऱ्या टोकाला राहणारा करदाता त्या रस्त्यावर कधी पाऊलही न ठेवता त्याचा खर्च उचलत राहतो. रस्त्याच्या खर्चाची न्याय्य वाटणी कशी करावी, हा नगरप्रशासनातील एक जुना आणि अवघड प्रश्न आहे तो यामुळेच.

२०११ च्या जनगणनेनुसार देशातील सुमारे ३७.७ कोटी, म्हणजेच ३१ टक्क्यांहून अधिक लोकसंख्या नागरी भागात राहत होती. या भागांना नवे रस्ते, गटारे, दिवे हवे आहेत आणि ७४ व्या घटनादुरुस्तीने जोडलेल्या बाराव्या अनुसूचीत 'रस्ते व पूल' हा विषय नागरी स्थानिक संस्थांकडे सोपविण्याजोग्या कार्यांत नोंदविलेला आहे. कार्य सोपविले तरी पैसा आपोआप येत नाही. अनुच्छेद २४३-भ अन्वये नगरपालिकांना कर, शुल्क व आकार बसविण्याचे अधिकार देणे राज्य विधिमंडळाच्या इच्छेवर अवलंबून आहे. शिवाय अनुच्छेद २६५ नुसार कायद्याच्या आधाराशिवाय कोणताही कर बसविता वा वसूल करता येत नाही. म्हणून 'या गल्लीतील घरांनी या गल्लीच्या रस्त्याचा खर्च द्यावा' असे एखाद्या नगरपालिकेला वाटले, तरी तसा ठराव करून भागत नाही. त्यामागे कायद्यातील स्पष्ट तरतूद लागते.

कर, शुल्क आणि लाभ

सामान्य कर आणि विशिष्ट लाभाबद्दल आकारलेली रक्कम यांतील भेद प्रथम लक्षात घ्यावा लागतो. कर हा सर्वांकडून सर्वसाधारण गरजांसाठी घेतला जातो; त्याच्या मोबदल्यात नेमके काय मिळाले, असे विचारण्याचा अधिकार करदात्याला नसतो. शुल्कामागे मात्र काही सेवा अभिप्रेत असते. १९५४ सालच्या शिरूर मठ प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने हा भेद मांडला. पुढील निर्णयांत सेवा आणि शुल्क यांचा मेळ रुपया-पैशांत जुळलाच पाहिजे, हा आग्रह सैल झाला असला तरी मूळ भेद कायम आहे. रस्त्याच्या खर्चासाठी लगतच्या मालमत्तेवर बसविली जाणारी रक्कम या दोहोंच्या मधोमध उभी असते. ती सक्तीची असते, म्हणून कराच्या जवळची. आणि ती विशिष्ट मालमत्तेला झालेल्या विशिष्ट लाभाशी बांधलेली असते, म्हणून शुल्काच्या जवळची. मराठीत तिला 'सुधार आकार' म्हणतात. नगररचना कायद्यात याच स्वरूपाच्या रकमेला 'अंशदान' अशी संज्ञा आहे.

येथेच आणखी एक विवेक करावा लागतो. नव्या रस्त्याची पहिली बांधणी आणि जुन्या रस्त्याची देखभाल या भिन्न गोष्टी होत. पहिल्या बांधणीने लगतच्या भूखंडाचे स्वरूपच पालटते. पडीक तुकडा बांधकामयोग्य होतो. डांबराचा नवा थर दिल्याने असे काही घडत नाही, शिवाय त्या थराची झीज प्रामुख्याने येणाऱ्या-जाणाऱ्या वाहनांनी केलेली असते. म्हणून देखभालीचा खर्च सर्वसाधारण महसुलातून करणे रास्त मानले जाते. मुंबईत मालमत्ता कराच्या देयकात 'पथकर' हा स्वतंत्र घटक असतो. तो शहरभरच्या मालमत्तांवर पडतो, एखाद्या विशिष्ट रस्त्याच्या कडेच्या घरांवर नव्हे.

दर्शनी रुंदी की क्षेत्रफळ?

लगतच्या मालकांनी खर्च द्यायचा असे ठरले की पुढचा प्रश्न मोजमापाचा. सर्वांत जुने आणि सोपे माप म्हणजे भूखंडाची रस्त्याकडील दर्शनी रुंदी. समजा, २०० मीटर लांबीच्या एका गल्लीचा खर्च २० लाख रुपये आला. दोन्ही बाजू मिळून ४०० मीटर दर्शनी रुंदी होते, म्हणजे मीटरमागे ५,००० रुपये. सहा मीटर रुंदीच्या घराला ३०,००० रुपये द्यावे लागतील. हिशेब कोणालाही पडताळता येतो, हा या पद्धतीचा मोठा गुण.

दोषही तितकेच ठळक आहेत. दहा मीटर रुंद व पंधरा मीटर खोल भूखंड आणि दहा मीटर रुंद व साठ मीटर खोल भूखंड यांना सारखीच रक्कम पडते, जरी दुसऱ्याचे क्षेत्रफळ चौपट असले तरी. कोपऱ्यावरच्या भूखंडाला दोन्ही रस्त्यांचा खर्च मोजावा लागतो. त्याला दुहेरी प्रवेशाचा लाभ मिळतो हे खरे, पण तो दुप्पट असतोच असे नाही. मागच्या बाजूचा, केवळ एका अरुंद बोळातून रस्त्याला जोडलेला भूखंड मात्र जवळजवळ फुकट सुटतो. क्षेत्रफळ हे माप घेतल्यास या अडचणी कमी होतात आणि नव्या निर्माण होतात: रस्त्यापासून पन्नास मीटर आतल्या जमिनीला दर्शनी जमिनीइतका लाभ होत नाही, तरी दर एकच पडतो. बाजारमूल्याच्या प्रमाणात वाटणी करावी तर ज्याने आधीच चांगले घर बांधले आहे त्याला अधिक भार आणि भविष्यातील भाववाढीची वाट पाहत जमीन ओसाड ठेवणाऱ्याला सूट, असा उफराटा प्रकार होतो.

इंग्लंडमधील १८९२ च्या खासगी रस्ते कायद्याने यावर एक समंजस तोड काढली. वाटणी सामान्यतः दर्शनी रुंदीनुसार होईल. परंतु कोणत्या मालमत्तेला कमी वा अधिक लाभ होतो आणि मालकाने स्वखर्चाने आधी काय काम केले आहे, याचा विचार करण्याचा ठराव स्थानिक प्राधिकरणाला करता येईल, अशी तरतूद त्यात होती. आपल्याकडेही १८८८ च्या मुंबई महानगरपालिका अधिनियमाच्या कलम ३०५ मध्ये खासगी रस्त्याची सपाटी, फरसबंदी, गटारे व दिवे यांची व्यवस्था करण्यास लगतच्या वा त्या रस्त्याने प्रवेश असलेल्या मालमत्तांच्या मालकांना फर्मावण्याचा अधिकार आयुक्तांना दिलेला आहे. ही कामे झाल्यावर असा रस्ता सार्वजनिक म्हणून घोषित करण्याची वाट पुढील कलमाने मोकळी केली. 'त्या रस्त्याने प्रवेश असलेल्या' हे शब्द महत्त्वाचे आहेत, कारण मागच्या बाजूचा भूखंड त्यामुळे सुटत नाही.

लाभाहून अधिक नको

माप कोणतेही असो, त्याला वरची मर्यादा असावी काय? अमेरिकेत हा वाद थेट सर्वोच्च न्यायालयात गेला. ओहायो राज्यातील नॉर्वुड या गावाने एका महिलेच्या जमिनीतून रस्ता काढला. न्यायनिवाड्याने तिला जमिनीची भरपाई मिळाली आणि त्यानंतर गावाने तीच भरपाई व कज्जाचा खर्च रस्त्याच्या दोन्ही बाजूंना उरलेल्या तिच्याच जमिनीवर आकारला. एका हाताने दिले ते दुसऱ्या हाताने परत घेतले. १८९८ साली न्यायालयाने निर्णय दिला की मालमत्तेला झालेल्या विशेष लाभापेक्षा लक्षणीय अधिक रक्कम वसूल करणे म्हणजे त्या जादा रकमेपुरती भरपाईविना मालमत्ता काढून घेणेच होय. अवघ्या तीन वर्षांनी, १९०१ साली, कॅन्सस सिटीच्या डांबरी रस्त्याच्या प्रकरणात त्याच न्यायालयाने दर्शनी रुंदीवर आधारित आकारणी वैध ठरवून पहिल्या निर्णयाची धार बरीच बोथट केली. तत्त्व मात्र टिकून राहिले: लाभ हीच आकारणीची सीमा.

भारतीय कायद्याने हीच सीमा अधिक काटेकोरपणे, अंकगणिताच्या भाषेत लिहिली आहे, आणि याची दखल क्वचितच घेतली जाते.

मुंबई इलाख्याचा १९१५ चा कायदा

१८९६ च्या प्लेगनंतर मुंबईत १८९८ साली सुधार विश्वस्त मंडळ स्थापन झाले. त्याने दाट वस्तीतून रस्ते काढले. परंतु संपूर्ण जमीन संपादन करून भरपाई देण्याचा मार्ग अतिशय खर्चिक होता. जर्मनीतील फ्रँकफर्ट शहरासाठी १९०२ साली झालेल्या, महापौर आदिकेस यांच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या कायद्यात निराळी युक्ती होती: एका परिसरातील सर्व भूखंड एकत्र कल्पावेत, त्यातून रस्ते व मोकळ्या जागा काढाव्यात आणि उरलेली जमीन सुघड आकाराच्या भूखंडांत मूळ मालकांना परत द्यावी. हीच कल्पना मुंबई इलाख्याच्या १९१५ च्या नगररचना कायद्यात आली. भारतातील हा पहिला नगररचना कायदा होय. त्याची जागा १९५४ च्या कायद्याने घेतली आणि द्विभाषिक राज्याच्या विभाजनानंतर त्याचे दोन वारसदार झाले: महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम, १९६६ आणि गुजरात नगररचना व नागरी विकास अधिनियम, १९७६. खर्चवाटणीचे सूत्र दोहोंत जवळपास एकच आहे.

या सूत्रात तीन संकल्पना आहेत. पहिली 'योजनेचा खर्च'. त्यात रस्ते, गटारे, दिवे यांचा खर्च तर येतोच, शिवाय ज्यांची जमीन गेली त्यांना द्यावयाची भरपाईही येते. दुसरी 'मूल्यवृद्धी'. योजना करण्याचा इरादा जाहीर झाला त्या दिवशी, योजना पूर्ण झाली असे गृहीत धरून, अंतिम भूखंडाचे बाजारमूल्य काय असते आणि त्याच दिवशी सुधारणांचा विचार न करता ते काय असते, यांतील फरक म्हणजे मूल्यवृद्धी. दोन्ही मूल्ये एकाच तारखेची घेण्यामागे हेतू आहे. महागाईमुळे किंवा शहराच्या सर्वसाधारण भरभराटीमुळे झालेली वाढ योजनेच्या नावावर लावली जाऊ नये. तिसरी संकल्पना 'अंशदान'. ते मूल्यवृद्धीच्या प्रमाणात आकारले जाते, परंतु एकूण मूल्यवृद्धीच्या निम्म्यापलीकडे जात नाही. खर्च निम्म्याहून अधिक झाला तर वरचा भार नियोजन प्राधिकरणाने सोसावयाचा असतो.

उदाहरणाने हे स्पष्ट होईल. समजा, एका लहान योजनेत तीन अंतिम भूखंड आहेत. 'अ' चे मूल्य सुधारणेशिवाय १० लाख व सुधारणेसह १४ लाख, 'ब' चे २० व २२ लाख, 'क' चे ५ व ७ लाख. मूल्यवृद्धी अनुक्रमे ४, २ व २ लाख. एकूण ८ लाख रुपये. योजनेचा खर्च ३ लाख असेल तर तो निम्म्या मूल्यवृद्धीहून, म्हणजे ४ लाखांहून, कमी असल्याने पूर्णतः मालकांकडून घेतला जाईल: 'अ' दीड लाख, 'ब' व 'क' प्रत्येकी ७५ हजार. खर्च ६ लाख असेल तर मालकांकडून केवळ ४ लाख घेता येतील, 'अ' कडून २ लाख आणि इतर दोघांकडून प्रत्येकी एक लाख. उरलेले २ लाख प्राधिकरणाचे. 'ब' ची जमीन सर्वांत मौल्यवान असूनही त्याचा वाटा 'क' इतकाच आहे, कारण दोघांचा लाभ सारखा आहे. दर्शनी रुंदी, क्षेत्रफळ किंवा एकूण मूल्य यांपैकी कोणत्याही मापाने हे साधले नसते.

भरपाईचा हिशेब याच पानावर होतो. 'अ' चा मूळ भूखंड मोठा होता व त्याचे मूल्य ११.२ लाख होते असे मानले, तर त्याला १.२ लाख रुपये भरपाई देय ठरते. ३ लाख खर्चाच्या योजनेत त्याचे अंशदान दीड लाख. म्हणून त्याने प्रत्यक्ष भरावयाची निव्वळ रक्कम फक्त ३० हजार. नॉर्वुडमध्येही भरपाई व आकारणी एकमेकांसमोर उभ्या होत्या, पण तेथे जमीनमालकाच्या हाती शून्य उरले. येथे निम्म्या लाभाची मर्यादा मध्ये उभी असल्याने तसे होत नाही. गुजरातमध्ये 'फॉर्म एफ' या तक्त्यात प्रत्येक मूळ भूखंड, अंतिम भूखंड, दोन्हींची मूल्ये, भरपाई, अंशदान व निव्वळ रक्कम एका ओळीत दिलेली असतात. त्यामुळे शेजाऱ्याला काय लागले हे मालकाला पाहता येते. भूखंड गहाण किंवा भाडेपट्ट्यावर असल्यास गहाणदार वा पट्टेदाराने किती भार उचलावा, हे ठरविण्याची तरतूदही कायद्यात आहे. शाळा वा उद्यानासाठी राखलेला जो भूखंड केवळ योजनाक्षेत्रातील मालकांच्या व रहिवाशांच्या उपयोगाचा असतो, त्यावर अंशदान पडत नाही. तो बाहेरच्यांच्याही उपयोगाचा असल्यास त्या प्रमाणात पडते.

काळ नावाचा अडथळा

कागदावर इतके नेटके असलेले सूत्र व्यवहारात वारंवार कोलमडले, त्याचे मुख्य कारण विलंब. मूल्ये इरादा जाहीर झाल्याच्या तारखेची. अंतिम योजना मात्र दहा, वीस, कधी त्याहून अधिक वर्षांनी. मधल्या काळात रस्ताबांधणीचा खर्च चालू भावाने वाढतो आणि मूल्यवृद्धी जुन्या भावातच गोठलेली राहते. परिणामी निम्म्या मूल्यवृद्धीची मर्यादा पटकन गाठली जाते आणि उरलेला बोजा नगरपालिकेवर येतो. ज्याची जमीन गेली त्याची स्थिती याहून वाईट, कारण त्याची भरपाईही जुन्याच भावाने.

अहमदाबादच्या नगरभिंत सुधार योजनेत नेमके हेच घडले. योजनेचा इरादा १९२७ साली जाहीर झाला होता आणि ती अंतिम व्हायला १९५० च्या दशकाचा उत्तरार्ध उजाडला. जुन्या तारखेच्या मूल्याने भरपाई देणे ही भरपाईच नव्हे, असा मालकांचा आक्षेप होता. गुजरात उच्च न्यायालयाने तो मानला. परंतु १९६९ साली शांतीलाल मंगलदास प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने कायदा वैध ठरविला. पुढे १९७० च्या बँक राष्ट्रीयीकरण प्रकरणात या निर्णयातील भरपाईविषयक विवेचन न्यायालयाने स्वीकारले नाही. तरीही १९८५ साली प्रकाश अमीचंद शाह प्रकरणात घटनापीठाने १९५४ चा कायदा पुन्हा वैध ठरविला. नगररचना योजना हे केवळ भूसंपादन नव्हे, तीत मालक काही गमावतो आणि काही मिळवतोही, ही या निर्णयांमागील दृष्टी. ती तर्कशुद्ध आहे. तीस वर्षे थांबलेल्या मालकाला तिने कितपत समाधान मिळाले असेल, हा वेगळा विषय.

पैशाऐवजी जमीन

गुजरातने या अडचणीवर काढलेला उपाय अभ्यासण्याजोगा आहे. १९९९ च्या दुरुस्तीनंतर प्रारूप योजना मंजूर होताच रस्त्यांच्या जमिनीचा ताबा घेणे शक्य झाले. मूल्यांकनाचे वाद निकाली निघेपर्यंत रस्ता अडून राहण्याचे कारण उरले नाही. दुसरे असे की खर्चाची मदार रोख अंशदानावरून जमिनीकडे वळली. रस्त्यांसाठी १५ टक्के, उद्याने व मोकळ्या जागांसाठी ५, सामाजिक सुविधांसाठी ५, दुर्बल घटकांच्या घरांसाठी १० आणि विक्रीसाठी १५ अशी मिळून ५० टक्क्यांपर्यंत जमीन योजनेसाठी घेण्याची मुभा कायद्यात आहे. विक्रीचे भूखंड प्राधिकरणाकडे राहतात व रस्ता झाल्यानंतरच्या चढ्या भावाने विकले जातात. अशा रीतीने महागाई प्राधिकरणाच्या बाजूने काम करू लागते. अहमदाबादभोवतीच्या ७६ किलोमीटरच्या सरदार पटेल वर्तुळाकार मार्गासाठी मोठ्या प्रमाणावर याच पद्धतीने जमीन उपलब्ध झाली.

मालकाच्या दृष्टीनेही हे सोयीचे ठरते, निदान मोठ्या मालकाच्या. ज्याच्याजवळ दोन एकर आहेत तो एक एकर देऊनही रस्त्यालगतचा बांधकामयोग्य भूखंड मिळवतो. अडचण येते ती लहान मालकाची. शंभर चौरस मीटरच्या भूखंडातून निम्मी जमीन काढली तर जे उरते त्यावर घर उभे राहत नाही. टक्केवारी समान, पण त्याग असमान. रोख अंशदानात हा प्रश्न इतका तीव्र नव्हता, कारण रक्कम हप्त्यांनी फेडता येत असे. जमीन हप्त्यांनी देता येत नाही.

२६ जानेवारी २००१ च्या भूकंपानंतर भूजच्या तटबंदीतील शहराची पुनर्रचना करताना या प्रश्नाला थेट तोंड द्यावे लागले. चिंचोळ्या गल्ल्यांत माणसे अडकून पडली होती, मदत आत पोहोचू शकली नव्हती. रस्ते रुंद करणे टाळता येण्याजोगे नव्हते. तेथे आठ नगररचना योजना राबविल्या गेल्या आणि जमीनकपातीचे प्रमाण भूखंडाच्या आकारानुसार चढते ठेवले गेले. ३० चौरस मीटरपर्यंतच्या भूखंडातून काहीच कपात नाही, पुढे १००, २०० व ५०० चौरस मीटरच्या टप्प्यांनुसार अनुक्रमे १०, २० व ३० टक्के आणि ५०० चौरस मीटरहून मोठ्या भूखंडातून ३५ टक्के. प्राप्तिकराच्या टप्प्यांशी परिचित असलेल्या वाचकाला हे तत्त्व ओळखीचे वाटेल. लाभाच्या प्रमाणात भार हे १९१५ च्या कायद्याचे सूत्र होते. भूजमध्ये त्याला सोसण्याच्या क्षमतेची जोड मिळाली.

अलीकडील प्रयत्न

केंद्र सरकारने २०१७ साली मूल्यवाढीतून वित्तपुरवठा करण्याविषयीचा धोरण आराखडा प्रसिद्ध केला आणि २०१८ साली स्थानिक क्षेत्र आराखडे व नगररचना योजनांसाठी २५ शहरांत पथदर्शी उपक्रम हाती घेतला. महाराष्ट्रात दीर्घकाळ मागे पडलेल्या नगररचना योजना पुणे महानगर क्षेत्रातील म्हाळुंगे-माण परिसरात आणि नवी मुंबई विमानतळाच्या प्रभावक्षेत्रात, म्हणजे 'नैना'त, पुन्हा पुढे आल्या. नैनामध्ये मालकाला मूळ जमिनीच्या ४० टक्के अंतिम भूखंड देण्याचे प्रमाण ठरले आणि तेथील अनेक शेतकऱ्यांनी योजनेस विरोध केला. ४० टक्के पुरेसे की अपुरे, याचे उत्तर टक्केवारीत सापडत नाही. ते परत मिळालेल्या भूखंडासमोरचा रस्ता प्रत्यक्षात केव्हा होतो यावर ठरते, कारण मूल्यवृद्धी गृहीत धरलेली असते आणि जमीन आधीच गेलेली असते.

महाराष्ट्राच्या कायद्यात अंतिम भूखंड, भरपाई व अंशदान ठरविण्याचे काम शासनाने नेमलेल्या लवादाकडे असते. त्याच्या ज्या निर्णयांवर अपील करता येते ते न्यायाधिकरणापुढे जातात. लवादापुढील सुनावणीत मालकाने मांडावयाचा मुद्दा 'मला कमी मिळाले' एवढाच असून चालत नाही. आपल्या भूखंडाची सुधारणेशिवायची व सुधारणेसहची किंमत कोणत्या शेजारच्या व्यवहारांवरून काढली, हे त्याने विचारावयाचे असते. ग्रामीण पट्ट्यात नोंदणीकृत व्यवहार विरळ असतात आणि नोंदलेली किंमत वास्तवाहून कमी असते. त्यामुळे मूल्यांकनाचा आधारच कच्चा राहतो. मुद्रांक शुल्कासाठी दरवर्षी प्रसिद्ध होणारे वार्षिक मूल्यदर तक्ते अशा वेळी आधाराला घेता येतात, परंतु ते विभागवार सरासरीवर बेतलेले असतात. एकाच विभागातील रस्त्यालगतच्या आणि बोळातल्या भूखंडामधील फरक त्यांत पुरेसा उमटत नाही. अंशदानाची वाटणी मात्र नेमकी त्याच फरकावर उभी असते.